विहारात बसवलेला दवाखाना

आमच्या वऱ्हाडात साहेब येणार म्हटलं की आधी झाडू येतो, मग चुना येतो आणि सगळ्यात शेवटी साहेब येतो. अमरावती जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात मी उभी हयात काढली आहे. छातीवर हात ठेवून सांगतो, एका केंद्राच्या शिपायाने भिंतीला चुना मारताना भिंतीला टेकून झोपलेलं कुत्रंही अर्धं रंगवून टाकलं होतं. ते कुत्रं पुढे वर्षभर गावात खात्याचा माणूस म्हणून फिरलं, आणि म्हाताऱ्या बाया त्याला अडवून गोळ्या कधी येणार म्हणून विचारायच्या. हे तुम्हाला पटणार नाही. नका पटवून घेऊ. पण आता जे सांगतोय त्यात मी माझ्या पदरचं चिमूटभर मीठही घातलेलं नाही, आणि नेमकं तेच कोणी खरं मानलं नाही.

तपासणीच्या दिवशी दवाखाना कसा दिसावा, याची आमच्या खात्यात एक पक्की समजूत आहे. तो देवघरासारखा दिसला पाहिजे. फरशीत तोंड दिसलं पाहिजे, दारात रांगोळी हवी, औषधाच्या बाटल्या शाळेतल्या पोरांसारख्या उंचीप्रमाणे उभ्या हव्यात. आणि मुख्य म्हणजे गर्दी नको. पेशंट म्हणजे चिखलाचे पाय, खोकला, ओकारी, रडणारं लेकरू. साहेबांपुढे हा पसारा कशाला, म्हणून त्या दिवशी फाटकातच सांगितलं जातं, "उद्या या बाप्पा, आज सायब हायेत." लोकही समजून घेतात. पाहुणे यायच्या आधी आपणही फाटक्या गोधड्या पलंगाखाली सरकवतोच ना. हे कोणी कोणाला शिकवत नाही. नवा डॉक्टर रुजू होतो आणि महिनाभरात त्यालाही ते येऊ लागतं, जशी वऱ्हाडी बोली येते.

तर अशा आमच्या खात्यात सुधारणा आली.

योजना ऐकायला गोड होती. लहान केंद्रांमधली बाळंतपणाची खोली आणि रात्रपाळी काढायची, आणि तालुक्याच्या गावी एकच मोठं, सजलेलं केंद्र करायचं. लहान केंद्रं सकाळी उघडायची, दुपारी मिटायची. मोठा डॉक्टर पडद्यावर बोलणार. रक्त तपासायचं काम ठेकेदाराकडे, गाडीही ठेकेदाराकडे. कोणतं केंद्र ठेवायचं आणि कोणतं अर्धं करायचं, हे पुण्याहून येणारी एक समिती नोंदवह्यांवर न जाता प्रत्यक्ष पाहून ठरवणार होती. जिथे वापर दिसेल ते राहील, दिसणार नाही ते जाईल.

योजनेत सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. बाळंतपणात रक्त वाहायला लागलं तर लहान केंद्रात आम्ही हात चोळण्यापलीकडे फारसं काही करू शकत नव्हतो. मोठ्या ठिकाणी भूल देणारा असतो, रक्त असतं, बाई वाचते. हे आम्हालाही कळत होतं. पण सार्वजनिक आरोग्यवाल्याची जात वेगळी. आम्ही माणसाकडे पाहत नाही, गावाकडे पाहतो. माझा अकोल्याचा एक मित्र आहे, साथरोगांचा अधिकारी. तो इतका कमी बोलतो की स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत भटजीने त्याला दोनदा जिवंत आहे का म्हणून हलवून पाहिलं होतं. अमरावतीला आला की आम्ही गिला वडा खायला बसायचो. एकदा असंच खाता खाता मी त्याला विचारलं, तुला ह्या योजनेत भीती कशाची वाटते.

"मोठ्या दवाखान्यात आजारी माणूस येते," तो म्हणाला. "आजार येत नाही. आजार गल्लीतच राह्यते."

"म्हणजे?"

"म्हणजे नर्सबाई गल्लीतून हिंडते. एका बोळीत चार घरी जुलाब दिसले का तिले कळते, विहीर बिघडली. ते हिंडणं बंद झालं का साथ आली हे आपल्याले पेपरात वाचा लागन." त्याने चटणी संपवली. "आन् ठेकेदार गेला तं जाते. केंद्र एकदा मोडलं का परत उभं राह्यत नाही. बाकी योजना बरी हाये."

एका बैठकीत एवढं बोलल्यावर तो बहुधा पुढचे दोन महिने गप्प राहिला असेल.

वलगावच्या पुढे एका गावात आमचं एक लहान केंद्र होतं. नाव सांगत नाही. तिथे बाजाराच्या दिवशी इतकी गर्दी असायची की एकदा मी नुसता डोकावलो, तर गर्दीनेच मला ढकलत ढकलत आत नेलं, माझं वजन झालं, इंजेक्शन टोचून झालं आणि मागच्या दाराने मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात दोन लोकांच्या गोळ्या होत्या. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, अकोल्याची. शहरात दवाखाना थाटायचा सोडून इथे आली आणि रमली. रात्री कोणी दार वाजवलं तर तिसऱ्या थापेच्या आत तिचा दिवा लागायचा.

केंद्रासमोर, रस्त्याच्या पलीकडे बुद्धविहार. त्याची किल्ली एका मावशीकडे असायची. मावशी शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि उरलेल्या वेळात गाव चालवायची. तिची एकुलती एक लेक अमरावतीला दिलेली, आणि तिला नुकतेच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा कायदा. कोणत्याही सरकारला मोडता आलेला नाही. मावशीने तर डिंकाच्या लाडवांची खारीक आत्तापासून डब्यात भरून ठेवली होती. लेक ह्याच केंद्रात जन्मली होती, नातवंडही इथेच व्हायचं ठरलं होतं. पण रात्रपाळी गेली तर बाळंतीण रात्री न्यायची कुठे, हा तिचा प्रश्न होता, आणि तो तिने गावात भेटेल त्याला विचारला होता, अगदी एसटीच्या कंडक्टरलासुद्धा.

डॉक्टरने तिला सांगितलं, "मावशी, पुण्याचे साहेब पाहायला येऊन राहिले. त्यांना आवडलं तर केंद्र राहते."

एवढंच सांगितलं. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं.

समिती आली त्या सकाळी मी तिच्याबरोबर होतो. समितीचे प्रमुख पुण्याचे, भला माणूस, मऊ बोलणारा, डोळ्यांत खोट नसलेला. दोन गाड्या होत्या, येताना त्यांच्या गाडीत बसून मी त्यांची करमणूक केली. शेंदूरजनाघाटला एकदा एवढं मोठं संत्रं लागलं की आम्ही त्याच्या अर्ध्या सालीत लसीकरणाचं शिबिर घेतलं आणि उरलेल्या अर्ध्यात पावसाचं पाणी साठवलं, ही माझी वऱ्हाडभर गाजलेली थाप मी सांगितली. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "डॉक्टरसाहेब, तुम्हाला पुण्याला न्यायला हवं," म्हणाले.

गाडी थांबली. बाजाराचा दिवस, आणि केंद्रात चिटपाखरू नाही. दारात रांगोळी, तीत कमळ. फरशी अशी पुसलेली की मी कडेकडेने चाललो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्या केंद्रात घड्याळ आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"पेशंट?" प्रमुखांनी विचारलं.

"आज शांत आहे, सर," डॉक्टर म्हणाली. इस्त्रीचा पांढरा कोट घालून ती नव्या नवरीसारखी उभी होती.

बाळंतपणाच्या खोलीत टेबल लखलखत होतं. आदल्या रात्री तिथे एक बाई बाळंत झाली होती, पण चादरीला डाग दिसेल म्हणून तिला बाळासकट नर्सबाईंच्या क्वार्टरमध्ये हलवलं होतं. हे मला नंतर कळलं. प्रमुखांनी टेबलावरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही. त्यांनी मान हलवली. ती मान मी ओळखली. खोली वापरात नाही असं ती मान म्हणत होती, आणि डॉक्टरला ती शाबासकी वाटली.

बाहेर आल्यावर त्यांचं लक्ष रस्त्यापलीकडे गेलं. विहाराचं दार उघडं होतं. आत माणसं ओळीने बसलेली, पाठमोरी, स्तब्ध.

"तिथे काय चाललंय?"

"विहार आहे, सर. वंदना असेल," डॉक्टर म्हणाली.

"किती शांतता आहे. पुण्यात हे बघायला मिळत नाही." त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. मग घड्याळ पाहिलं, पुढचं केंद्र गाठायचं होतं. ते पुढच्या गाडीत बसले आणि निघाले. मी मागच्या गाडीचा दरवाजा धरून उभा राहिलो.

"बेटा, माणसं कुठी हायेत?" मी डॉक्टरला विचारलं.

"विहारात बसवली, सर." तिचा चेहरा उजळला होता. "मावशीनं बसवली. कोणी खोकललंसुद्धा नाही."

मी रस्ता ओलांडला. आत गेलो आणि जे पाहिलं ते सांगायला मला आजवर एकही अतिशयोक्ती सुचलेली नाही. बाजाराची सगळी ओपीडी तिथे सतरंजीवर बसली होती. गरोदर बाया, कडेवरची तापलेली लेकरं, बीपीचे म्हातारे, पाय कापलेला एक मजूर. त्याने पायाला टॉवेल गुंडाळला होता आणि टॉवेल लाल झाला होता. विहाराच्या मोहल्ल्यातले, पाटलाच्या वाड्यातले, मुसलमानपुऱ्यातले, सगळे एका ओळीत, हातात केसपेपर धरून. आणि पुढे मावशी, तोंडावर बोट ठेवून, डोळ्यांनी सगळ्यांना बांधून.

मला पाहून तिने बोट काढलं. "गेले काय सायब? पसंत पडलं ना त्याइले?"

"मावशे, हे काय केलं तुम्ही?"

"मी सांगतलं साऱ्याइले, ज्याले खोकला येईन त्यानं पदर तोंडात कोंबा. पोट्टे रडाले लागले तं त्याइले बिस्किटं देल्ले. हा बुढा दमेकरी हाये, याले मंग खांबाच्या मागं बसोला."

"म्या श्वासच घेतला नाही ना बाप्पा," म्हातारा म्हणाला. "डॉक्टरीनबाईचा शब्द होता म्हणलं."

"अहो, त्याइले पाहाले तुमीच पायजे होते."

मावशी माझ्याकडे पाहत राहिली. "आमी? आमच्यात काय पाहाचं हाये?"

मी तिथूनच प्रमुखांना फोन लावला. म्हटलं, गाडी वळवा, सगळे पेशंट विहारात बसलेत, तुम्ही फोटो काढला तीच ओपीडी आहे. पलीकडून हसणं आलं. "डॉक्टरसाहेब, अहो सकाळचं संत्रं अजून पचलेलं नाही आम्हाला." मी शपथ घातली. ते जास्तच हसले. मग मऊपणे म्हणाले की वेळापत्रक घट्ट आहे, अकोल्याला सगळ्यांची मतं ऐकायची बैठक ठेवली आहे, तिथे बोला.

अकोल्याची बैठक उन्हाळ्यात झाली. अकोल्याचा उन्हाळा असा की गाडीतून उतरलो, घाम पुसायला खिशातून चोळामोळा रुमाल काढला, तर तो इस्त्री होऊन निघाला. हॉलमध्ये मात्र एवढी थंडी की एका अधिकाऱ्याने टेबलावरची चादर पांघरली. वऱ्हाडातल्या पाचही जिल्ह्यांचे लोक आले होते. सुधारणेत कोणत्या जोखमी दिसतात, हे आम्ही सांगायचं होतं. येताना मूर्तिजापूरच्या टपरीवर ह्यातल्याच काही मंडळींनी योजनेच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या. हातात माइक आला आणि प्रत्येकाचा आवाज हळदीकुंकवाचा झाला. उपक्रम स्तुत्य आहे. काही किरकोळ अडचणी आहेत. त्या दूर होतीलच.

माझा अकोल्याचा मित्र तेवढा उठला. गल्लीतला आजार, हिंडणारी नर्सबाई, मोडलं की परत न उभं राहणारं केंद्र, सगळं त्याने चार वाक्यांत सांगितलं आणि बसला. प्रमुखांनी मनापासून ऐकलं, लिहूनही घेतलं. "हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे," म्हणाले, "आपण तो दुसऱ्या टप्प्यात घेऊ." पहिल्या टप्प्यात काय घेणार आहेत ते पडद्यावर दिसतच होतं. वलगावच्या पुढचं ते केंद्र त्यात होतं. नावापुढे लिहिलं होतं, वापर नगण्य. आणि त्या पानावर शोभेला विहाराचा तो फोटो.

मी उठलो. उठलो तेव्हाच दोघेतिघे हसले. मी सांगायला लागलो, सरळ, एकही फोडणी न देता. बाजाराचा दिवस होता, ह्या फोटोतले लोक पेशंट आहेत, साहेबांना त्रास नको म्हणून त्यांना तिथे बसवलं. जितकं खरं सांगू तितकं हसू वाढत गेलं. पदर तोंडात कोंबल्याचं सांगितलं तेव्हा तर एकाला ठसका लागला. यवतमाळचा एक जुना सोबती ओरडला, "अन् संत्रं कुठी ठेवलं मंग?" आयुष्यभर ज्या हसण्यावर मी जगलो त्या हसण्याचा मला त्या दिवशी राग आला.

मागच्या रांगेतून ती तरुण डॉक्टर उठली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"सर खरं सांगून राहिले," ती म्हणाली. "लोक मी लपवले."

हसू थांबलं. प्रमुखांनी चष्मा काढला. "का?"

"तुम्ही येणार होते म्हणून."

"म्हणजे तुम्ही समितीची दिशाभूल केलीत?"

"नाही, सर. पाहुणे येतात तेव्हा घर आवरतो ना आपण. मला वाटलं, स्वच्छ दिसलं तर तुम्ही ठेवाल." ती बसली नाही. "रात्रीची बाळंतीणसुद्धा मी क्वार्टरमध्ये हलवली. टाके ओले होते तिचे."

पाचही जिल्ह्यांचे अधिकारी समोरच्या पाण्याच्या बाटल्यांकडे पाहत होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला काचेतून दिसावं तसं दिसत होतं. प्रत्येक जण आपापली केंद्रं आठवत होता. समिती आली त्या दिवशी कोणाच्या फाटकात काय सांगितलं गेलं, कुठली रांग कुठल्या देवळामागे, कुठल्या शाळेत नेऊन बसवली. चुना सगळीकडेच मारला होता.

प्रमुखांना ते बहुधा आमच्या चेहऱ्यांवरूनच कळलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मग आम्ही पाहिलेली बाकीची केंद्रं?"

काहींनी बाटल्यांची झाकणं फिरवायला घेतली. मी तरी काय उत्तर देणार, माझ्या तोंडून निघालेल्या खऱ्याचं काय होतं ते नुकतंच पाहिलं होतं. माझा मित्र तेवढा पुटपुटला, "परत पाहा लागन, सर. न सांगता." प्रमुखांनी पडद्याकडे पाहिलं. भला माणूस होता, मला वाटलं आता तो पडदा बंद करायला सांगेल. पण बाजूच्या एका साहेबांनी त्यांच्या कानात काही सांगितलं, त्यांनी चष्मा परत घातला, आणि जेवण लागल्याची घोषणा झाली. कढी चांगली होती. कोणी वाखाणली नाही.

फेरपाहणी झाली नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी हुकूम आला, तोही फक्त आमच्या केंद्राला नव्हे, बऱ्याच केंद्रांना. रात्रपाळी तूर्त बंद, बाळंतपणाचं साहित्य मोठ्या केंद्रात हलवावं. डॉक्टरलाही तिकडेच नेमलं आणि वर खुलासा मागितला.

टेबल न्यायला टेम्पो आला त्या सकाळी मी गावात होतो. अशा वेळी दोन गोष्टी सांगून माणसांना हसवावं म्हणून गेलो होतो, पण एकही आठवली नाही. टेबल दारातून निघेना. बहुधा टेबल आधी आत ठेवून भिंत नंतर बांधली असावी. चार माणसं ते आडवं-उभं करत होती आणि डॉक्टर बाजूला उभी राहून, सावकाश, पाय मोडेल, एवढंच म्हणत होती.

समोर एसटीच्या थांब्यावर मावशी लेकीला घेऊन उभी होती. लेकीला सातवा सरत आला होता. डोहाळजेवण करून तिला माहेरी आणून पंधरवडाही झाला नव्हता. पायाशी पिशव्या होत्या, आणि लाडवांचा डबा.

"काहून वापस नेऊन राहिल्या?" मी विचारलं.

"मंग काय करू. राती कळा आल्या तं कोठी पळू? फोन केला तं गाडी येते म्हणतेत, पण नाल्याले पूर असला तं ते तिकडं अन् आमी इकडं." तिने लेकीचा पदर सारखा केला. "तथी अमरावतीले मोठा दवाखाना जवळ हाये. सासरची एकच खोली हाये, सासू खाटेवर पडून हाये. पण जवळ हाये."

"तुम्ही जाता सोबत?"

"मी कोठी झोपू तथी? पोचवतो अन् येतो. शाळेतली खिचडी कोण शिजवन." तिने डबा जवळ ओढला. "पह्यलं बाळंतपण. लोक काय म्हणतीन, मायनं पोरीले वापस धाडलं."

डॉक्टर टेम्पो सोडून आली. तिने लेकीच्या पोटावर हात ठेवला, जरा दाबून पाहिलं, पायावरची सूज पाहिली, मीठ कमी खा म्हणाली. मग तिला काही बोलायचं होतं, पण मावशीने तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही, त्यामुळे ते राहून गेलं.

एसटी वळणावर दिसली. लेकीने पहिल्यांदाच तोंड उघडलं, मला विचारलं, "काका, मोठ्या दवाखान्याचं राती दार उघडं असते ना?"

समोरचं फाटक रात्री बंद असतं, मी सांगितलं. बाजूच्या बोळीत वळायचं, पाण्याच्या टाकीच्या पुढे लोखंडी जाळीचं दार आहे. आत पहारेकरी असतो, पण त्याचा डोळा लागलेला असतो. कडी वाजवावी लागते.

मावशीने पिशव्या उचलल्या, डबा काखेत मारला आणि लेकीला पुढे घातलं.

"जोरात वाजवजो," पायरी चढता चढता ती लेकीला म्हणाली. "लाजू नोको."